शनिवार, सकाळी नऊ

लंडनच्या नैर्ऋत्येला, टेम्सच्या काठावर टेडिंग्टन नावाचं उपनगर आहे. वॉटर्लूहून लोकल पकडली की पाऊण तासाच्या आत तिथे उतरता येतं. पर्यटकांच्या यादीत हे नाव सहसा सापडत नाही. समुद्राच्या भरतीचं पाणी टेम्समधून वर चढत इथल्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि थांबतं, एवढी एक भूगोलाच्या पुस्तकातली ओळख त्याच्या नावावर जमा आहे. बाकी विटांची दुमजली घरं, एक बाजाररस्ता, शाळा, चर्च, कुत्र्यांना फिरवायला निघालेली माणसं. पण या शांत वस्तीला खेटून हजार एकरांहून मोठं बुशी पार्क आहे. राजाच्या मालकीचं, हरणांनी भरलेलं, आणि कुणालाही तिकिटाशिवाय आत जाता येईल असं. २ ऑक्टोबर २००४ च्या शनिवारी सकाळी त्या बागेत १३ जण पाच किलोमीटर धावले. तो गांधीजयंतीचा दिवस होता, हा निव्वळ योगायोग. आज वीसहून अधिक देशांत, दोन हजारांहून अधिक ठिकाणी, आठवड्याच्या त्याच वारी लोक तसेच पाच किलोमीटर धावतात, चालतात, दम खात पुरे करतात आणि त्यासाठी दमडीही मोजत नाहीत. या उपक्रमाला पार्करन म्हणतात.

आपल्याकडे संस्थेची वाटचाल लिहायची म्हणजे पायाभरणी, इमारत निधी, अध्यक्षांची यादी, रौप्यमहोत्सवाची स्मरणिका असा क्रम ठरलेला असतो. पार्करनच्या बाबतीत यातलं काहीच हाताला लागत नाही. मैदान स्वतःचं नाही, क्लबहाउस नाही, भिंतीवर कुणाची तसबीर नाही. ज्या बागेत ती भरते ती दुसऱ्याची, आणि भरते फक्त तासा-दीड तासापुरती. साडेदहाला तिथे गेलात तर काही झालं होतं याची खूणही सापडणार नाही. तरीही ही संस्था वीस वर्षं टिकली आणि वाढली, ती एका अटीवर. सहभागी होणाऱ्याकडून कधीही, कसलंही शुल्क घ्यायचं नाही. ही अट पाळताना तिला काय काय सोसावं लागलं, तीच खरी तिची वाटचाल.

बुशी पार्कला फुकटपणाचा वारसा तसा जुना आहे. आठव्या हेन्रीने ही जमीन शिकारीसाठी राखली. पुढे तिसऱ्या विल्यमच्या काळात क्रिस्टोफर रेन यांनी चेस्टनटच्या झाडांचा लांबलचक दुतर्फा रस्ता आखला. तो हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यापर्यंत जातो, आणि मे महिन्यात झाडं फुलली की आजही तिथे जत्रेसारखी गर्दी होते. अठराव्या शतकाच्या मध्याला बागेचा कारभार लॉर्ड हॅलिफॅक्स यांच्याकडे होता. त्यांच्या कारभारात बागेतून जाणारी पिढ्यानपिढ्यांची पायवाट बंद झाली. हॅम्प्टन विकच्या टिमथी बेनेट नावाच्या चांभाराच्या दुकानावरून बाजाराला जाणारी माणसं दिसेनाशी झाली. बेनेट तेव्हा म्हातारा होता. आयुष्यभराची शिल्लक खर्ची घालून कोर्टात जायची त्याने तयारी केली, वकील गाठला, लॉर्डसाहेबांना तसं कळवलं. लॉर्ड नमले, वाट खुली झाली. आजही ती ‘कॉब्लर्स वॉक’ म्हणून ओळखली जाते आणि हॅम्प्टन विकच्या फाटकाजवळ बेनेटचं स्मारक आहे. टेडिंग्टनमध्ये आज जे फुकट मिळतं त्यातलं बरंचसं असं कुणीतरी भांडून मिळवलेलं आहे, हे फिरायला येणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

पार्करन सुरू करणाऱ्या पॉल सिन्टन-ह्यूइट यांना काही भांडायचं नव्हतं. जन्म तेव्हाच्या ऱ्होडेशियातला, वाढ दक्षिण आफ्रिकेतली, बरंचसं बालपण वसतिगृहात गेलेलं. पुढे संगणक क्षेत्रात नोकरी आणि इंग्लंडमध्ये वास्तव्य. मॅरेथॉन २ तास ३६ मिनिटांत धावलेला माणूस म्हणजे हौशी धावपटूंमध्ये चांगल्यापैकी वेगवान. २००४ मध्ये त्यांची नोकरी गेली, आणि दुखापतीने धावणंही बंद पडलं. धावणाऱ्या माणसाचं धावणं थांबलं की त्याचा गोतावळाही हळूहळू सुटतो, कारण ती मैत्री भल्या पहाटे रस्त्यावरच झालेली असते. मित्रांची गाठ पडावी आणि मग कॉफी प्यावी, यासाठी त्यांनी एक निमित्त काढलं. तुम्ही धावा, मी घड्याळ लावतो. दक्षिण आफ्रिकेतल्या क्लबांमध्ये दर आठवड्याला अशी वेळ लावून धावण्याची पद्धत त्यांनी पाहिलेली होती. म्हणून नावही साधंच ठेवलं: बुशी पार्क टाइम ट्रायल. ही दुसऱ्याला हरवायची शर्यत नव्हती. गेल्या आठवड्यातल्या स्वतःशी तुलना करायची, इतकंच.

पहिल्या दिवशी १३ धावणारे आणि मदतीला मोजके चार हात. शेवटच्या रेषेवर कोण कितवा आला हे कळण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून वायसर आणलेले होते. नळाला किंवा बोल्टला लावतात तेच. त्यावर ठोकून आकडे उमटवले होते. रेषा ओलांडली की हातात वायसर पडायचा, तो देऊन नाव सांगायचं, कागदावर नोंद व्हायची, आणि मग सगळी मंडळी कॅफेत. गंमत अशी की बागेला लागूनच ब्रिटनची नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी आहे. लुई एसेन यांनी १९५५ मध्ये सीझियम अणूंवर चालणारं पहिलं भरवशाचं घड्याळ तिथेच सुरू केलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲलन ट्युरिंग त्याच प्रयोगशाळेत संगणकाचा आराखडा तयार करत होते. तेही कसलेले लांब पल्ल्याचे धावपटू होते, १९४७ मध्ये त्यांनी मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पुरी केली होती. सेकंदाचे अब्जावधी भाग मोजणाऱ्या या शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे एक माणूस स्टॉपवॉच आणि वायसर घेऊन उभा होता.

२००४ च्याच फेब्रुवारीत मुंबईत पहिली मुंबई मॅरेथॉन झाली होती. मुंबईकरांना धावायची गोडी लावण्याचं मोठं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण ते मॉडेल वेगळं. वर्षातून एकदा, मोठा प्रायोजक, प्रवेश शुल्क, पदक, टी-शर्ट, रस्ते बंद. टेडिंग्टनचं मॉडेल अगदी उलट्या टोकाचं, आणि म्हणूनच त्याची दखल घ्यायला जगाला बराच वेळ लागला.

पहिली दोन वर्षं हा प्रकार एकाच बागेत चालू राहिला. संख्या आठवड्यागणिक फुगत गेली. हिवाळ्यातल्या गोठलेल्या सकाळीही घड्याळ लावणारा माणूस न चुकता हजर, हे कळल्यावर लोकांचा भरवसा बसला. माझ्या मते पार्करनचं सगळ्यात मोठं भांडवल हे सातत्य आहे. ‘या आठवड्यात आहे का?’ असं कुणाला विचारावं लागत नाही. पुढे नाताळच्या आणि नववर्षाच्या सकाळीही अनेक बागांमध्ये पार्करन होऊ लागली.

२००७ च्या जानेवारीत विम्बल्डन कॉमन इथे दुसरं ठिकाण सुरू झालं. त्याच वर्षी बॅन्स्टेड वुड्स, रिचमंड पार्क आणि लंडनबाहेर थेट उत्तरेला लीड्स. ‘टाइम ट्रायल’ हे नाव नवख्याला घाबरवतं, हे लक्षात आल्यावर ते पुढे गळलं आणि पार्करन हे सुटसुटीत नाव आलं. २००९ मध्ये डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला ती पोचली. २०११ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या गोल्ड कोस्टवर आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जोहान्सबर्गच्या डेल्टा पार्कमध्ये. दक्षिण आफ्रिकेत तिला रुजवणारे ब्रूस फोर्डिस. महाराष्ट्रातून दरवर्षी जे धावपटू कॉम्रेड्सला जातात त्यांना हे नाव नवं नाही. ती जीवघेणी नव्वद किलोमीटरची शर्यत नऊ वेळा जिंकलेला हा माणूस. नव्वद किलोमीटरच्या अनभिषिक्त राजाने पाच किलोमीटरच्या चालत्या-धावत्या गर्दीचं पालकत्व घ्यावं, यातच पार्करनचा स्वभाव दिसतो. मग अमेरिका, सिंगापूर, मलेशिया आणि २०१९ मध्ये जपान. मधल्या काळात, २०१० मध्ये, बुशी पार्कमध्येच ४ ते १४ वयाच्या मुलांसाठी रविवारची दोन किलोमीटरची ज्युनियर पार्करन सुरू झाली. मुलांना ११, २१ आणि ५० वेळा धावल्यावर मनगटात घालायचे रंगीत पट्टे मिळतात. २०१४ मध्ये सिन्टन-ह्यूइट यांना ब्रिटनचा सीबीई हा मान मिळाला.

आता हे चालतं कसं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण फुकट ठेवण्याची सगळी युक्ती तिथेच आहे. संकेतस्थळावर आयुष्यात एकदाच नाव नोंदवायचं. एक बारकोड मिळतो, तो कागदावर छापून किंवा फोनमध्ये घेऊन कुठल्याही शनिवारी, जगातल्या कुठल्याही पार्करनला जायचं. आधी कळवायचं नाही, जागा राखायची नाही. नऊ वाजता सूचना होतात, नवख्यांचं स्वागत होतं, आणि सगळे सुटतात. पोचल्यावर क्रमांकाची चकती हातात पडते. वायसर गेले, त्यांच्या जागी बारकोडवाल्या प्लास्टिकच्या चकत्या आल्या. स्वयंसेवक आधी तुमचा बारकोड आणि मग चकतीचा बारकोड टिपतो, दुसऱ्याने घेतलेली वेळ त्याला जोडली जाते, आणि निकाल ईमेलवर येतो. बारकोड घरी विसरला तर निकाल नाही. या एका बाबतीत ही मंडळी कमालीची कडक. पदक नाही, पाण्याचे टेबल नाहीत, छातीवर लावायचा नंबर नाही, पायात बांधायची चिप नाही. जे जे पैसे खाणारं आहे ते ते वगळलेलं.

उरतात माणसं. धाव-संचालक, वेळ घेणारे, चकत्या देणारे, त्या परत क्रमाने लावणारे, वळणावर उभं राहून टाळ्या वाजवणारे. सगळे बिनपगारी, आणि बहुतेक जण एरवी धावणारेच. एका आठवड्याला दहा-वीस जण लागतात, बुशी पार्कसारख्या ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त, कारण तिथे आता एकेका शनिवारी हजाराहून अधिक लोक येतात. या सगळ्या कामांत मला सर्वांत आवडणारं काम टेल वॉकरचं. सर्वांच्या शेवटी चालायचं, एवढंच त्याचं कर्तव्य. तो स्वयंसेवक असल्यामुळे शेवटचा क्रमांक नेहमी त्याचाच लागतो. तुम्ही सव्वा तास घ्या, वाटेत बाकावर बसा, तुमच्यामागे कुणीतरी असतंच. ‘शेवटून पहिले’ येण्याची जी धास्ती शाळेच्या क्रीडादिनापासून आपल्या पोटात बसलेली असते, ती काढून टाकण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

मग खर्च कुणाचा? मध्यवर्ती संस्था धर्मादाय म्हणून नोंदलेली आहे. तिचे प्रायोजक आहेत, देणगीदार आहेत, काही सरकारी क्रीडा निधीही मिळालेला आहे. संगणक यंत्रणा, मोजके पगारी कर्मचारी, प्रशिक्षण हे तिथून भागतं. ५०, १००, २५० वेळा धावल्यावर खास रंगाचे टी-शर्ट मिळतात. पूर्वी ते फुकट असत, पुढे ते परवडेनासे झाले आणि आता ज्याला हवा त्याने विकत घ्यायचा. मला हा बदल योग्य वाटतो. टी-शर्ट ही हौस आहे, हौसेला मोल असावं. धावण्याला मात्र नाही, ही रेघ त्यांनी पुसू दिली नाही.

ती रेघ पुसण्याचा प्रयत्न झाला तो २०१६ मध्ये. ब्रिस्टल शहराच्या उत्तरेला स्टोक गिफर्ड नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या लिटल स्टोक पार्कमध्ये २०१२ पासून पार्करन होत होती, साधारण तीनशे लोक यायचे. पॅरिश कौन्सिल, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या पातळीची संस्था, म्हणू लागली की दर आठवड्याला तीनशे जोडी बूट आपटून वाट झिजते, तिच्या देखभालीत धावणाऱ्यांनी वाटा उचलावा. एप्रिल २०१६ मध्ये मतदान झालं. सहा विरुद्ध चार मतांनी शुल्क आकारायचं ठरलं. देशभर गदारोळ उठला, वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, ऑलिंपिक खेळाडू बोलले, सरकारातूनही नापसंती व्यक्त झाली. पार्करनने एकच उत्तर दिलं: पैसे देणार नाही, घेणार नाही. आणि लिटल स्टोकची पार्करन बंद केली.

कौन्सिलला खलनायक ठरवणं सोपं होतं, आणि बहुतेकांनी तेच केलं. मला तो प्रश्न इतका हास्यास्पद वाटत नाही. छोट्या गावाचं अंदाजपत्रक तोकडं, धावायला येणारे बरेचसे बाहेरचे, आणि डांबर काही फुकट मिळत नाही. पण उत्तर चुकलं. समजा, माणशी एक पाउंड घ्यायचा. तो घेणार कोण? हिशेब ठेवणार कोण, आणि सुट्टे नसलेल्याला परत पाठवणार कोण? त्यासाठी खिडकी लागेल, खिडकीसाठी माणूस लागेल, त्या माणसाला पगार लागेल, आणि पाउंडाचे दोन होतील. शिवाय ज्याने पैसे मोजले तो गिऱ्हाईक झाला. तो पाणी मागेल, वेळ चुकली म्हणून तक्रार करेल, आणि पुढच्या शनिवारी वळणावर उभं राहायला मुळीच येणार नाही. स्वयंसेवकांवर उभी असलेली गोष्ट गिऱ्हाइकांवर उभी राहू शकत नाही. लिटल स्टोकला पार्करनने एक ठिकाण गमावलं. तिथे तडजोड केली असती तर पुढच्याच महिन्यात दुसऱ्या शंभर कौन्सिलांनी बिलं पाठवली असती.

त्यानंतरच्या दोन वर्षांत संस्थेने दोन अनपेक्षित दारं ठोठावली. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये कम्ब्रिया परगण्यातल्या हॅव्हरिग तुरुंगात पार्करन सुरू झाली. कैदी आणि कर्मचारी एकत्र धावतात, नियम बाहेरचेच, निकालही तसाच लागतो. तुरुंगाचं नाव यादीत येऊ नये म्हणून ठिकाणाचं नाव जवळच्या ब्लॅक कोम डोंगरावरून ठेवलेलं. नंतर इतर तुरुंगांतही ती पोचली. २०१८ मध्ये ब्रिटनच्या जनरल प्रॅक्टिशनर डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजशी हातमिळवणी झाली. दवाखान्याने जवळच्या पार्करनशी नातं जोडायचं, आणि रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा घेऊन आलेल्या पेशंटला गोळ्यांच्या जोडीने शनिवारचा पत्ता सांगायचा. हजाराहून जास्त दवाखाने यात सामील झाले. डॉक्टर फुकटच्याच गोष्टीची शिफारस निर्धास्तपणे करू शकतो, कारण तिच्यात कुणाचा धंदा नसतो. पाच पाउंडांची फी असती तर हे घडलं असतं असं मला वाटत नाही.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सगळं थांबलं. दर शनिवारी भरणं हाच जिचा एकमेव गुण, त्या संस्थेला सव्वा वर्षाहून जास्त काळ शनिवार पारखा झाला. लोकांनी आपापल्या गल्लीत पाच किलोमीटर धावून वेळ नोंदवावी अशी एक सोय काढली गेली, पण ती मनाची समजूत होती. सगळ्यात मोठी अडचण परवानग्यांची. जमीन कुणाची महापालिकेची, कुणाची राजाची, कुणाची ट्रस्टची. प्रत्येकाची स्वतंत्र संमती पुन्हा मिळवायची. स्वतःची एक वीतही जमीन नसण्याचा तोटा त्या वर्षी कळला. अखेर २४ जुलै २०२१ ला इंग्लंडमध्ये पार्करन पुन्हा धावली.

आता वेगाबद्दल. पहिल्या वर्षी बुशी पार्कमध्ये येणारे बहुतेक क्लबचे धावपटू होते, त्यांची सरासरी वेळ बावीस मिनिटांच्या आसपास होती. २०१८ पर्यंत देशभरातली सरासरी बत्तीस मिनिटांच्या पुढे गेली. दुसरी कुठलीही क्रीडासंस्था हा आकडा लपवून ठेवेल. पार्करन तो अभिमानाने सांगते, कारण तो वाढला याचा अर्थ जे कधीच धावले नव्हते ते आले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरलेला अँडी बॅडली याने त्याच ऑगस्टमध्ये बुशी पार्कमध्ये १३ मिनिटं ४८ सेकंदांचा विक्रम केला होता, तो पुढची अकरा वर्षं टिकला. त्याच दिवशी त्याच वाटेवर कुणी पन्नास मिनिटं घेऊन आलं असेल, आणि दोघांनाही सारखीच प्लास्टिकची चकती मिळाली असेल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मात्र संस्थेने मार्गांचे विक्रम, वयोगटांचे विक्रम, सर्वांत वेगवान लोकांच्या याद्या संकेतस्थळावरून काढून टाकल्या. नवख्याला त्या दडपतात, असं कारण दिलं. जुने धावपटू खवळले, सह्यांची मोहीम झाली. मला यात संस्था अर्धीच बरोबर वाटते. यादी बघून घरी बसलेला माणूस कुणी दाखवावा. उलट साठीतल्या एखाद्या बाईला आपल्या बागेतला आपल्या वयाचा विक्रम दिसला, तर तो मोडायला ती थंडीतही बाहेर पडते. पण संस्था कोणासाठी, हा प्रश्न आला की पार्करन प्रत्येक वेळी मागच्या माणसाच्या बाजूने उभी राहते. त्या सवयीतून हा निर्णय आलेला दिसतो, आणि त्या सवयीचं मला कौतुकच आहे.

एक उणीव मात्र संस्थेने स्वतःही मान्य केलेली आहे. फुकट असूनही गरीब वस्त्यांतून येणाऱ्यांचं प्रमाण कमीच राहिलं. शनिवारी सकाळी कामावर जावं लागणाऱ्याला नऊची वेळ उपयोगाची नाही. घरात लहान मूल आणि सांभाळायला कुणी नाही, त्याचंही तेच. टेडिंग्टन, रिचमंड, विम्बल्डन ही खाऊनपिऊन सुखी माणसांची उपनगरं. हिरवीगार बाग दाराशी असणं हीच मुळात एक श्रीमंती आहे. शुल्क काढलं म्हणजे सगळे अडसर निघाले असं होत नाही, आणि नंतरच्या काळात मागास भागांत मुद्दाम नवी ठिकाणं काढायला पार्करनने सुरुवात केली ती यामुळेच.

आशियात जपान, सिंगापूर, मलेशियापर्यंत पोचलेली ही चळवळ २०२४ मध्ये वीस वर्षांची झाली तेव्हाही भारतात आलेली नव्हती. मोकळ्या, मोटारींपासून सुरक्षित अशा पाच किलोमीटरच्या वाटा आपल्या शहरांत किती, हा एक प्रश्न. दर आठवड्याला बाग वापरायची परवानगी कुणाकडे मागायची, हा दुसरा. पण पहाटे शिवाजी पार्कला किंवा पुण्यात तळजाईवर फेऱ्या मारणारे गट आपल्याकडे आहेतच. घड्याळ, चकत्या, शेवटी चालणारा एक माणूस आणि ठरलेली वेळ, एवढ्या चार गोष्टी त्यांनी उचलल्या तर पार्करन हे नाव नसलं तरी चालेल. ते नाव संस्थेच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही, तेवढं लक्षात ठेवावं.

आणि मुला-मुलींकडे इंग्लंडला महिना-दोन महिने जाणाऱ्या आई-बाबांसाठी एक सूचना. लंडन आय आणि मादाम तुसाँचं तिकीट काढून झालं की एक शनिवार यासाठी ठेवा. निघण्याआधी इथूनच नाव नोंदवा, बारकोड छापून बॅगेत टाका. घराजवळची बाग संकेतस्थळावर सापडते. इंग्लंड आणि वेल्समध्ये नऊला सुरू होते, स्कॉटलंडमध्ये साडेनऊला. चाललात तरी चालतं.